जपानी तलवारीच्या निगेची पेटी : काय वापरावे, काय पेटीतच राहू द्यावे

तीन वर्षांपूर्वी तोक्योतील एका जुन्या तलवारींच्या दुकानातून मी एक वाकिझाशी, म्हणजे मध्यम लांबीची तलवार, विकत घेतली, तेव्हा दुकानदाराने सोबत निगेच्या साधनांची एक पेटीही पुढे सरकवली. किरीच्या हलक्या लाकडाची, सरकत्या झाकणाची ही पेटी ४,८०० येनांना पडली. तिच्यात तेलाची बाटली, तेल लावायचे फडके, पुसायच्या कागदाचा गठ्ठा, काडीला बांधलेला भुकटीचा गोळा, पितळेची इवलीशी हातोडी आणि एक माहितीपत्रक होते. तीन वर्षे वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की या पेटीतल्या दोन वस्तू उत्तम आहेत, एक चालण्यासारखी आहे, आणि सर्वांत देखणी जी आहे ती जुन्या पात्याजवळ नेऊच नये.

पात्याची थोडी ओळख करून देतो, कारण साधन चांगले की वाईट हे ते कशावर वापरायचे यावरच ठरते. जपानमध्ये एक शाकु, म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, यापेक्षा आखूड पात्याला तांतो, एक ते दोन शाकु लांबीच्या पात्याला वाकिझाशी आणि त्याहून लांब असेल तर कताना म्हणतात. माझे पाते ४५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. त्यावर घडवणाऱ्याचे नाव नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या संस्थेने त्याला ‘होझोन’ दर्जाचे प्रमाणपत्र दिले आहे आणि त्यात ते ‘सुए-सेकी’ परंपरेचे, म्हणजे मुरोमाची काळाच्या अखेरीस मिनो प्रांतातल्या (आजच्या गिफु जिल्ह्यातल्या) सेकी गावच्या लोहारांचे काम ठरवले आहे. होझोनच्या वर तोकुबेत्सु होझोन, ज्युयो आणि तोकुबेत्सु ज्युयो असे आणखी तीन दर्जे आहेत. माझे पाते सर्वांत खालच्या पायरीवर आहे. सततच्या लढायांच्या त्या काळात सेकीमध्ये तलवारी मोठ्या संख्येने घडवल्या गेल्या, त्यामुळे असे पाते दुर्मीळ नाही, आणि दुर्मीळ नाही म्हणूनच ते माझ्यासारख्या नोकरदाराच्या खिशाला झेपले.

पितळेच्या हातोडीपासून सुरुवात करतो, कारण या पेटीतली तीच वस्तू मला सर्वांत मोलाची वाटते. तिला मेकुगी-नुकी म्हणतात. मूठ आणि पाते यांना एकत्र धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मुठीतून आरपार गेलेली बांबूची एक निमुळती खुंटी. हातोडीच्या टोकाने ती बारीक बाजूकडून ढकलली की बाहेर येते. मग डाव्या हाताने मुठीचे टोक धरून पाते किंचित तिरके उभे ठेवायचे आणि उजव्या मुठीने आपल्याच डाव्या मनगटावर हलके ठोकायचे. दोन-तीन ठोक्यांत पाते मुठीत सैल होते. पहिल्यांदा हे करताना मला घाम फुटला होता. आखूड पाते असेल तर ठोका फारच हलका हवा, नाहीतर ते उसळून बाहेर पडते. हातोडी चांगली जड आणि टोक नीट घासलेले असल्यामुळे खुंटी चेंबत नाही, आणि एवढी खातरी तिच्याकडून मिळाली म्हणजे पुरे.

मूठ निघाली की पात्याचा जो भाग उघडा पडतो त्याला नाकागो म्हणतात. तलवारीची खरी कुंडली तिथे असते. लोहाराने नाव कोरले असेल तर ते इथेच. कानशीचे ओरखडे कोणत्या कोनात ओढले आहेत, खुंटीची भोके किती आहेत, शेवटचे टोक कसे कापले आहे, आणि या सगळ्यावर गंजाचा थर कोणत्या रंगाचा चढला आहे, हे पाहून जाणकार पात्याचा काळ आणि घराणे यांचा अंदाज बांधतात. जुन्या नाकागोवरचा गंज काळपट तपकिरी, एकजीव आणि बोटाला गुळगुळीत लागणारा असतो. नवा किंवा रसायनाने आणलेला गंज तांबूस आणि भुसभुशीत दिसतो. म्हणून नाकागोवरचा गंज कधीही काढायचा नसतो. पात्यावर गंजाचा ठिपकाही चालत नाही आणि चार बोटांवर तोच गंज जपायचा, ही गोष्ट घरी आलेल्या पाहुण्यांना समजावताना माझी दरवेळी दमछाक होते. एका दुकानात मी कुणीतरी सँडपेपरने घासून चांदीसारखा चमकवलेला नाकागो पाहिला आहे. पाते बरे होते, पण त्याच्या वयाचा पुरावाच पुसला गेल्यामुळे ते मातीमोल भावात पडून होते.

माझ्या नाकागोला दोन भोके आहेत; पुढच्या कुणा मालकाच्या सोयीसाठी पाते नाकागोच्या बाजूने आखूड केले गेले असावे, याची ती खूण. जपानमधल्या प्रत्येक जुन्या तलवारीसोबत नोंदणीचे कार्ड असते, ते जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाकडून मिळते आणि त्यावर लांबी, बाक, भोकांची संख्या आणि कोरलेले नाव एवढी माहिती असते. तलवार हातात आल्यावर मूठ काढून या चारही गोष्टी कार्डाशी ताडून पाहाव्यात, आणि मालकी बदलल्याची सूचना २० दिवसांच्या आत द्यावी. हे कार्ड म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे, हे मात्र नवख्यांच्या ध्यानात येत नाही. खोटे नाव कोरलेल्या पात्यालाही कार्ड मिळते, कारण समोर जे दिसते ते त्यावर लिहिलेले असते, ते खरे की खोटे याचा निवाडा तिथे होत नाही. काही विक्रेते १९५१ सालची, म्हणजे नोंदणीच्या अगदी सुरुवातीची कार्डे ‘दाइम्योंची नोंदणी’ म्हणून कौतुकाने दाखवतात, कारण त्या वर्षी जुन्या सरदार घराण्यांनी आपापले संग्रह नोंदवले होते. कार्डाच्या तारखेसाठी जादा पैसे मोजणे मला पटत नाही. खोट्या नावांचा सुळसुळाट किती होता हे सतराव्या शतकातल्या नागासोने कोतेत्सु या लोहाराच्या उदाहरणावरून कळते. ‘कोतेत्सु दिसली की ती नकली समजावी’ अशी म्हणच संग्राहकांत पडली आहे. त्या मानाने माझे निनावी पाते बरे, निदान ते खोटे तरी बोलत नाही.

आता त्या देखण्या वस्तूकडे येतो. रेशमी कापडात बांधलेला, लाडवाएवढा गोळा काडीच्या टोकाला असतो आणि त्याला उचिको म्हणतात. क्योतो परिसरातल्या उचिगुमोरी नावाच्या पॉलिशच्या दगडाची वस्त्रगाळ भुकटी त्यात भरलेली असते. पात्यावर हा गोळा हलके आपटला की पांढरी भुकटी पडते, ती जुने तेल शोषून घेते आणि मग कागदाने पुसली की पाते स्वच्छ होते. सामुराईंवरच्या चित्रपटांत तोंडात कागद धरून गोळा आपटणारा योद्धा दिसतो, त्याच्या हातातला गोळा तो हाच. माहितीपत्रक दर महिन्याला असे करायला सांगते. मी पहिले सहा महिने इमानेइतबारे ते पाळले, आणि मग एका संध्याकाळी दिव्याखाली पाते तिरके धरले तेव्हा मुठीजवळच्या भागात केसासारख्या बारीक रेघांचे जाळे दिसले.

कारण उघड आहे. दगडाची भुकटी म्हणजे पॉलिशचाच पदार्थ, आणि स्वस्त गोळ्यात तिचा दाणा एकसारखा असेलच असे नाही. जपानी पात्याचे शेवटचे पॉलिश फार नाजूक असते. आपल्याकडे हत्यारांना धार आणि झळाळी देणाऱ्या शिकलगारांना जसा एक स्वतंत्र व्यवसाय होता, तसाच तिथे तोगिशींचा आहे. खडबडीत दगडापासून सुरुवात करून ते बोटाच्या पेराएवढ्या, पातळ चकत्यांपर्यंत येतात, लोहभस्मासारखी पूड तेलात कालवून ती पात्यावर घासतात, आणि मग कुठे पोलादाच्या घड्यांची नक्षी डोळ्यांना दिसू लागते. धारेलगतची जी पांढुरकी नागमोडी रेघ सर्वांना मोहवते, तो हामोन. तो म्हणजे पात्याला पाणी पाजल्याची खूण. पाठीकडे मातीचा जाड आणि धारेकडे पातळ लेप देऊन तापलेले पाते पाण्यात बुडवले की धार कठीण होते, पाठ लवचिक राहते आणि दोहोंच्या सीमेवर ही रेघ उमटते. माझ्या पात्याचा हामोन सेकीच्या रीतीप्रमाणे टोकदार शिखरांचा आहे. गोळ्याच्या प्रत्येक फेरीत या सगळ्यावर थोडी साय धरत जाते. नवे पॉलिश करून घ्यायचे तर खर्च काही लाख येनांपर्यंत जातो, आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक पॉलिशबरोबर पोलादाचा एक थर कायमचा निघून जातो. शतकानुशतके घासून घासून काही पाती इतकी झिजतात की आतले मऊ लोखंड डाग पडल्यासारखे वर दिसू लागते. जाणकार त्यांना ‘थकलेली’ म्हणतात.

तेव्हापासून मी गोळा वापरलेला नाही. जुने तेल काढण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे शुद्ध इथेनॉल आणि मऊ, न वापरलेले मायक्रोफायबरचे कापड एवढे पुरते. फक्त इथेनॉल म्यानाच्या लाखेच्या रोगणाला लागू देऊ नये. सरावासाठी वापरतात त्या मिश्रधातूच्या इआइतोवर तर हा गोळा मुळीच लावायचा नसतो, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

कागदाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तो वाशी, म्हणजे जपानी पारंपरिक कागद, आहे; चुरगळून, चोळून मऊ केल्याशिवाय वापरू नये, आणि इतके करूनही मला तो जाडाभरडाच वाटला. फडक्याचे धागे सुटतात.

तेल मात्र चांगले निघाले. चोजी म्हणजे लवंग. चोजी-आबुरा म्हणजे लवंगेच्या वासाचे तेल, जे आज बहुधा खनिज तेलात थोडा लवंगेचा अर्क घालून करतात. बाटली उघडली की दाढदुखीवर कापसाच्या बोळ्याने लावलेले लवंगेचे तेल हटकून आठवते. तेल पातळ आहे, चिकटत नाही आणि पात्यावर एकसारखे पसरते. चूक झाली ती माझी. कोकणातल्या पावसाळ्यात लहानाचा मोठा झालेला माणूस गंजाला जरा जास्तच भितो. जूनमध्ये इथला त्सुयु, म्हणजे पावसाळी हवेचा महिना-दीड महिना, सुरू होताच मी पात्याला सढळ हाताने तेल चोपडले आणि म्यानात घातले. तेल लाकडात मुरले, त्यात धूळ अडकली आणि पुढच्या वेळी पाते काढताना ती धूळ पात्यावरून ओढली गेली. तेलाचा थर दिसता कामा नये, काचेवर फुंकर मारल्यावर धरते तेवढीच झाक हवी. सहा महिन्यांतून एकदा पुसून पुन्हा लावले तरी चालते; नुकतेच पॉलिश केलेले पाते असेल तर पहिले काही महिने अधिक वेळा पाहावे लागते.

सुदैवाने शिरासाया, म्हणजे होनोकीच्या लाकडाचे साधे, बिनारोगणाचे म्यान, याच दिवसासाठी केलेले असते. त्याचे दोन अर्धे भाग भाताच्या खळीने चिकटवलेले असतात, त्यामुळे कारागीर ते उकलून आतून साफ करू शकतो आणि पुन्हा जोडू शकतो. माझे तसे करून घेतले. हल्ली तलवार आडवी, धार वर करून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो. सिलिका जेलची पुडी शेजारी ठेवत नाही, कारण फार कोरड्या हवेत म्यान तडकते. पाहताना बोलत नाही. थुंकीचा बारीक कण पडला तरी दुसऱ्या दिवशी तिथे ठिपका दिसतो. खंडेनवमीला आईने व्हिडिओ कॉलवर तलवारीला हळद-कुंकू लाव म्हणून आग्रह धरला होता, तेव्हा मी तलवार म्यानात घालून पाटावर ठेवली आणि हळद-कुंकू पाटाला वाहिले. आईला ते फारसे पटले नाही.

ज्यांना पहिलीच तलवार घ्यायची आहे त्यांनी अख्खी पेटी घेण्याऐवजी मेकुगी-नुकी आणि तेलाची छोटी बाटली सुटी घ्यावी, उरलेल्या पैशांत चांगले कापड घ्यावे. त्याआधी शक्य असल्यास र्योगोकुच्या तलवार संग्रहालयात एक दुपार घालवावी. वर उल्लेखलेल्या संस्थेचे ते संग्रहालय २०१८ साली योयोगीहून तिथे, जुन्या यासुदा बागेच्या आवारात आले. उत्तम राखलेले पाते योग्य प्रकाशात कसे दिसते हे एकदा डोळ्यांत बसले, की आपले पाते बिघडू लागल्याचे लवकर कळते. पेटी अर्थात मी टाकलेली नाही. गोळ्याच्या खणात आता बांबूच्या दोन जादा खुंट्या आणि नोंदणी कार्डाची छायाप्रत असते. मूळ कार्ड तलवारीसोबतच ठेवावे लागते.