मुक्तस्रोत प्रकल्पाला पैसे द्यावेत की वेळ?

ठाणे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत दिवसभर ज्या मुक्तस्रोत (कोड कुणालाही वाचता-बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या जिवावर कामं चालतात, त्याची परतफेड दोन प्रकारे करता येते: देणगी देऊन, नाहीतर स्वतः राबून.

देणगीचं काम सरळ. २००२ मध्ये ब्लेंडर या थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड लोकांनी वर्गणी काढूनच मालकांकडून सोडवून घेतला; सात आठवड्यांत १ लाख युरो जमले. उलट ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची कथा. २०१४ मध्ये त्यातली हार्टब्लीड नावाची गंभीर चूक उघडकीला आली तेव्हा कळलं, की जगभरातले सर्व्हर ज्यावर विसंबून होते त्याला वर्षाला जेमतेम २ हजार डॉलर देणगी मिळत होती.

वेळ देणं त्याहून अवघड, आणि हे कुणी सांगत नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी पोचून रात्री अकराला धाडलेली हजार ओळींची पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या डोक्याला तापच: वाचायची त्याने, तुम्ही गायब झालात की निस्तरायचीही त्यानेच. शिवाय विश्वासाचा प्रश्न. एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या थकलेल्या सांभाळणाऱ्याला हातभार लावत आलेल्या नवख्यानेच आत चोरदरवाजा बसवला. २०२४ मध्ये तो सापडला.

त्यापेक्षा जुना बग पुन्हा घडवून बघा. पीडीएफ काढताना ‘र्‍या’ किंवा ‘क्ष’ तुटतं का, कुठल्या व्हर्जनवर, कुठल्या फाँटमध्ये, ते नीट लिहून कळवा. हे काम आपल्याशिवाय कोण करणार?

माझं मत विचाराल तर नोकरदाराने दरमहा थोडे पण न चुकता पैसे द्यावेत, कॉलेजच्या पोरांनी वेळ. कंपन्यांनी मात्र दोन्ही, तेही ऑफिसच्या वेळेत.