सर्वशक्तिमान देव आणि दुःख : कोणतं उत्तर कुठे टिकतं?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर हे का घडलं? श्रद्धा ठेवावी की सोडावी अशा विचारात असाल, तर प्रत्येक उत्तर या दोन्ही गावांपुढे ठेवून पाहा.

ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टीन या प्राचीन धर्मचिंतकापासून चालत आलेलं उत्तर म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य. खरी निवड दिली की वाईट निवडण्याची वाटही मोकळी राहतेच. तिवऱ्याला हे लागू पडतं. धरण गळतंय हे गावकरी आधीपासून सांगत होते. तळियेला ते पुरत नाही. तिथेही डोंगराशी केलेल्या खेळाकडे बोट दाखवता येईल, पण १७५५ साली लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झालं, त्यात कोणाची निवड होती?

आपल्याकडचं उत्तर कर्माचं. ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, (२.१.३४) म्हटलंय की ईश्वर पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही, कारण तो ज्याच्या-त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात : पाऊस सगळ्यांना सारखाच, उगवतं ते बियाणाप्रमाणे. दोन्ही गावांना हे लागू होतं, म्हणूनच ते मला भीतीदायक वाटतं. तान्हं बाळ गमावलेल्या आईला ‘त्याचं मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय कर्माने बांधलेला ईश्वर सर्वशक्तिमान कसा, हा प्रश्न उरतोच.

दुःखातून माणूस घडतो, हे तिसरं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि पोफळ धरायला कित्येक वर्षं लागतात हे माहीत असूनही लोकांनी पुन्हा रोपं लावली. त्या माणसांचं मोठेपण खरंच. पण दरडीखाली गेलेल्याला घडायला वेळच कुठे मिळाला?

‘देवाची करणी अगाध’ हे उत्तर प्रामाणिक आहे, पण मग चांगल्या गोष्टींवरूनही त्याची दया सिद्ध करता येत नाही.

तळकोकणात वेगळीच रीत आहे. सातेरी, रवळनाथ, वेतोबा हे गावाचे राखणदार. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणत त्यांना गाऱ्हाणं घातलं जातं, जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. या देवाकडून विश्वाचा हिशेब कोणी मागत नाही. त्याने गावची शीव सांभाळावी, संकटात पाठीशी राहावं. पश्चिमेकडे अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स हार्टशॉर्न यांच्यासारख्या विचारवंतांनीही देवाचं सर्वशक्तिमान असणं नाकारून त्याचं प्रेम राखलं. किंमत मोठी आहे : शेवटी सगळं ठीक होईल, ही हमी सुटते.

देव नाहीच असं मानलं तर तळियेचं कोडं सगळ्यात सरळ सुटतं : पाऊस झाला, उतार सुटला. जाब विचारायला मात्र कोणी उरत नाही. ज्यांना ते पेलतं, त्यांनी खुशाल तीच वाट धरावी.

माझा कल गाऱ्हाण्याकडे आहे. तुम्हाला देवाशी नातं हवं असेल, तर आधी ‘सर्वशक्तिमान’ सोडून पाहा. तो शब्द सोडवतच नसेल, तर स्वातंत्र्याचं उत्तर धरा, तळियेपुढे ते अपुरं पडतं हे उघड कबूल करा, आणि कर्माचं उत्तर निदान दुसऱ्याच्या दारात नेऊ नका.