शॉर्ट बार फीडर आणि ८ इंची चक: दिवाळी ते आषाढ वापरल्यावर

जळगाव एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या शेडमध्ये सीएनसी लेथच्या मागं हा बार फीडर, म्हणजे बार आपोआप पुढं ढकलणारं यंत्र, दिवाळीच्या आठवड्यात बसला. आता आषाढ चालू आहे. खानदेशातली जानेवारीची थंडी, मे महिन्याचं ऊन आणि पहिला पाऊस, तिन्ही त्यानं दोन-दोन शिफ्टमध्ये काढले. सर्वो मोटरवर चालणारा, ट्रेमधून एकेक बार घेणारा छोटा मॅगझिन फीडर, बार धरणारा ८ इंची हायड्रॉलिक चक, त्यावर ड्रॉ-बॅक कॉलेट (आत ओढली जाऊन बारभोवती आवळणारी बाही) ॲडॉप्टर आणि फॅनक कंट्रोल, असा संच आहे. मुख्य काम डाळ मिलच्या कन्व्हेअर चेनच्या पिना: २५ मिमी ईएन-८ (मध्यम कार्बन पोलाद) ब्राइट, म्हणजे गुळगुळीत, बार; जॉबची, म्हणजे एका पिनेची, लांबी ३८ मिमी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेलं या जातीच्या कुठल्याही फीडरला लागू आहे.

वस्तू घेण्यासारखी आहे. पण "भाऊ, फीडर खराब शे" अशी हाक आली की बहुतेक वेळा फीडर ठीकच असतो. तो बिचारा फक्त ढकलतो. घोळ असतो बारच्या टोकात, लायनरमध्ये (बारभोवती आधाराला बसवलेली बाही), नाहीतर चकमध्ये.

आधी बारची लांबी, कारण घेताना नेमकं हेच विचारायचं राहतं. शॉर्ट फीडरमध्ये अख्खा बार स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या पोकळ फिरत्या दांड्याच्या, आत मावला पाहिजे. चक चालवणाऱ्या मागच्या सिलिंडरच्या बाहेर बार लोंबला की फिरताना तो वाकतो आणि सगळं मशीन थरथरतं. इथं कॉलेटच्या तोंडापासून सिलिंडरच्या मागच्या टोकापर्यंत ९४० मिमी भरतात, म्हणून ८५० मिमीचे तुकडे. ६ मीटरच्या बारमधून बँडसॉच्या कापाचे दीड-दोन मिमी धरून असे ७ तुकडे बसतात. एका जॉबला ३८ अधिक पार्टिंगचे (जॉब कापून वेगळा करण्याचे) ३ अधिक फेसिंगचे (तोंड सपाट करण्याचे) ०.५, म्हणजे ४१.५ मिमी लागतात. शेवटी ९० मिमी शिल्लक ठेवावेच लागतात आणि पहिल्या फेसिंगला २ मिमी जातात. उरलेल्या ७५८ मध्ये १८ जॉब होतात आणि १०१ मिमीचा तुकडा राहतो. सात तुकड्यांचे मिळून १२६ जॉब आणि ७०७ मिमी शिल्लक. २५ मिमी बार मीटरला ३.८५ किलो भरतो, तेव्हा दर ६ मीटरमागे सुमारे पावणेतीन किलो माल बाजूला पडतो. जुन्या लेथवर प्रत्येक तुकड्यातून हातानं आणखी एक जॉब निघतो, तो सोडू नये. पार्टीला भाव देताना मात्र ही शिल्लक धरा. पत्रकात ती कुणी लिहीत नाही.

तो ९० चा आकडा कमी करायचा मोह सगळ्यांना होतो. कॉलेटची पकडण्याची लांबी आणि पुशरच्या (बार ढकलणाऱ्या रॉडच्या) टोकापुढचं सुरक्षित अंतर मिळून तो आलेला असतो. ६० केला तर चार दिवस चालेलही, पण एखाद्या वेळी पुशरचं टोक कॉलेटमध्ये सापडतं, स्पिंडल सुरू होतो आणि रॉड पिळवटतो. नवा रॉड येईपर्यंत मशीन उभं.

आता लायनर. आवाज आणि थरथर यांचं मूळ बहुतेक इथंच सापडतं. बार आणि लायनर यांच्यात एकूण १ मिमीच्या आसपास फट हवी, म्हणजे २५ च्या बारला २६ चा लायनर. ३० च्या लायनरमध्ये तोच बार १२०० आरपीएमला गप्प राहतो आणि २२०० ला डबा वाजवल्यासारखा वाजतो. मग जॉबवर चॅटरच्या (थरथरीच्या) रेघा येतात आणि ऑपरेटर इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदलत बसतो. खात्री करायला बार अर्धा संपू द्या: बार आखूड झाल्यावर आवाज आपोआप कमी झाला तर दोष लायनरचा किंवा वाकड्या बारचा, टूलचा नाही. बारचा बाक मीटरला ०.५ मिमीपेक्षा जास्त नको. सपाट प्लेटवर बार लोळवला की लगेच कळतं.

जळगावात प्लास्टिक पाइपला तोटा नाही, त्यामुळे पीव्हीसी पाइपचाच लायनर करावा असं कुणाच्याही डोक्यात येतं. करू नका. पाइप पूर्ण गोल नसतो, सरळ नसतो आणि मे महिन्यात आतल्या आत मऊ पडतो. नायलॉनच्या २० मिमी जाडीच्या चकत्या टर्न करून तीन टाय-रॉडवर सारख्या अंतरानं सहा बसवल्या की काम भागतं. चकतीचा बाहेरचा व्यास ड्रॉ-ट्यूबमध्ये (सिलिंडरपासून चकपर्यंतची पोकळ नळी) हातानं सरकेल इतकाच ठेवा, ढिला नको.

बारच्या टोकाला दोन्हीकडून ३० अंशांचा, दीड मिमीचा चॅम्फर (तिरकी कड) लागतोच. उघडलेल्या कॉलेटमध्ये बारला अर्धा-पाऊण मिमी जागा असते. बँडसॉची बर (कापाची खरखरीत कड) राहिली की टोक कॉलेटच्या मागच्या कडेला अडतं, फीडरला टॉर्क जास्त लागतो आणि लोडिंगचा अलार्म येतो. तो बंद करायला फीड-फोर्स वाढवला की बार कॉलेटची कडच खरवडतो. ब्राइट बार एच-९ किंवा एच-११ टॉलरन्समध्येच मागवा. २५ मिमीला एच-९ म्हणजे वजा ०.०५२ पर्यंत, एच-११ म्हणजे वजा ०.१३ पर्यंत. काळा (पपडीचा, खडबडीत) बार कॉलेटमध्ये घालणं म्हणजे कॉलेट भंगारात देणं.

लांबी कमी-जास्त येते, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. तिची तीन कारणं सापडली आणि तिन्ही वेगवेगळी दिसतात.

पहिलं, बार स्टॉपरवर (लांबी ठरवणारा अडसर) आपटून मागं उसळतो. फरक ०.२ ते ०.५ मिमी, कधी येतो, कधी नाही. स्टॉपर एकदम शेवटच्या जागी उभा करून चक उघडला की बार ४० मिमी मोकळा धावत येतो आणि आपटतो. त्याऐवजी स्टॉपर बारच्या तोंडापुढं फक्त २ मिमीवर आणा, चक उघडा, बार टेकू द्या, मग स्टॉपर मिनिटाला २००० मिमीच्या फीडनं मागं न्या. बार त्याला चिकटून येतो. शेवटच्या जागी अर्धा सेकंद ड्वेल (थांबा), चक बंद, पुन्हा अर्धा सेकंद ड्वेल, मगच स्टॉपर दूर. स्पिंडल बंद असतो, म्हणून इथं जी ९८ (मिनिटाला मिमीमधला फीड) हवा. जी ९९ (फेऱ्याला मिमीमधला फीड) राहिला तर फीड आरपीएमवर अवलंबून असल्यामुळे अक्ष जागचा हलत नाही आणि सायकल तिथंच थांबते. चक उघड-बंदचे एम कोड मशीनप्रमाणे बदलतात, दुसऱ्याच्या प्रोग्राममधून उतरवू नका.

दुसरं, पार्टिंगनंतर बारच्या मध्यावर राहिलेली बारीक घुंडी. स्टॉपर तोंडावर न टेकता तिच्यावर टेकतो आणि जॉब घुंडीच्या उंचीइतका आखूड येतो. पार्टिंग टूलची सेंटर हाइट तपासा आणि टूल व्यासावर एक्स वजा ०.४ पर्यंत, म्हणजे मध्याच्या किंचित पलीकडे, पुढं न्या. स्टॉपरच्या तोंडावर चिकटलेली चिपही हाच खेळ करते. तिथं कूलंटची एक नळी वळवून ठेवली की प्रश्न मिटतो.

तिसरं कारण लवकर ध्यानात येत नाही. ड्रॉ-बॅक कॉलेट बंद होताना बारला घेऊन थोडं आत जातं. दर वेळी सारखंच गेलं तर ऑफसेटमध्ये (कंट्रोलमधल्या दुरुस्तीच्या आकड्यात) निघून जातं. पण बारचा व्यास बदलला की हे ओढणंही बदलतं. कॉलेटचा उतार १५ अंशांचा असेल तर व्यासातल्या ०.०५ च्या फरकानं लांबीत सुमारे ०.०९ मिमी फरक पडतो. जॉबचं फेसिंग होत असेल तर हा फरक खपून जातो. एका गठ्ठ्यात लांबी बरोबर आणि दुसऱ्यात सगळीच सारखी सरकलेली दिसली तर प्रोग्रामला हात लावण्याआधी बारला मायक्रोमीटर लावा.

हायड्रॉलिकला खानदेशचं हवामान फारच जाणवतं. जानेवारीत सकाळी तेल घट्ट असतं, कॉलेट सावकाश उघडतं आणि ते पूर्ण उघडायच्या आत फीडर ढकलू लागतो. पहिले पाच-सहा जॉब बिघडतात. पंधरा मिनिटं पंप चालू ठेवून चक वीस-पंचवीस वेळा उघड-बंद केला की सुरळीत. मे महिन्यात उलट: तेल पातळ होतं, आतल्या आत गळती वाढते आणि १८ किलोवर (प्रति चौरस सेमी) लावलेला दाब दुपारी तीनला १५ वर दिसतो. मग ड्रिलिंगला बार मागं सरकतो. कुलरची जाळी बघा. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू आणि वैशाखातली धूळ मिळून त्यावर चक्क गोधडी बसते. दर शनिवारी आतून बाहेर हवा मारा. ब्राइट बारवरचं गंजरोधक तेल पुसलं नाही तर दाब बरोबर असूनही बार घसरतो, हे वेगळंच.

फिरत्या सिलिंडरच्या ड्रेनची नळी पारदर्शक आणि जाड व्यासाची ठेवा, टाकीकडे सतत उतरती. मध्ये झोळ पडला की तेल परतत नाही, सिलिंडरच्या मागून झिरपतं आणि फीडरच्या तोंडात येतं. बसवणारा माणूस ही नळी पट्टीनं आवळून 'नीट' करून गेला होता, म्हणून सांगतो.

४० मिमीच्या वरचा बार आणि दुसरं ऑपरेशन मात्र कॉलेटऐवजी चकच्या तीन जॉवर (जबड्यांवर). सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कोरून घ्यायचे मऊ जबडे) बोअर करताना रिंग पकडा आणि जॉबला लावणार तोच दाब ठेवा. १८ वर बोअर करून ८ वर पातळ बुश धरली तर जॉ वेगळ्या कोनात बसतात आणि रनआउट येतो, म्हणजे जॉब फिरताना डगमगतो. बोअर जॉबच्या व्यासाइतकाच हवा. जॉवर १-२-३ आकडे कोरा आणि काढल्यावर त्याच खाचेत, त्याच दातावर बसवा. एक दात चुकला की १.५ मिमी गेले. एम १२ बोल्टला साधारण १०० न्यूटन-मीटर पुरतात. ॲलन कीला पाइप लावला की टी-नटच्या खाचेची कड फुगते.

ग्रीस रोज. मॉलिब्डेनमवालं, तीनही निपलला, शिफ्टच्या सुरुवातीला, आणि नंतर चक चार-पाच वेळा उघड-बंद. साधं ग्रीस कूलंटनं धुऊन जातं. चकवर लिहिलेली पकड ग्रीस ताजं असतानाची असते. कोरड्या चकमध्ये बराच जोर घर्षणात जातो, आणि आरपीएम वाढला की जॉ बाहेरच्या बाजूला ओढले जाऊन उरलेली पकडही घटते. बोअरवेलच्या जड पाण्यात कूलंट कालवलं तर जॉच्या खाचेत पांढरा थर धरतो, शिवाय उन्हाळ्यात पाणी उडून कूलंट घट्ट होतं. रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर घ्या, स्वस्त असतो.

लाइट गेली की काय? कॉलेट लगेच सुटत नाही, सिलिंडरमधला चेक व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो. फीडर मात्र आपली जागा विसरतो. लाइट आल्यावर आधी टूल दूर, मग फीडर होमिंग (मूळ जागेवर आणणं), मग अर्धा बार काढून नव्यानं लोड. 'चालू होता तिथून' सुरू करू नका.

नावडत्या गोष्टीही सांगतो. व्यास बदलताना ट्रेच्या फाटकाची उंची दोन टोकांना वेगवेगळी लावावी लागते. एक टोक दोन मिमी वर राहिलं की एकदम दोन बार येतात. शिल्लक तुकडा पुढचा बार ढकलून बाहेर पाडतो, तो चिप कन्व्हेअरमध्ये आडवा पडून अडकतो. पार्ट कॅचर पुढं घेऊन त्यातच तो झेलण्याची ओळ प्रोग्राममध्ये घातल्यावर त्रास थांबला. पावसाळ्यात हवेच्या लाइनमध्ये पाणी येतं आणि लोडिंगचा सिलिंडर चिकटतो, एफआरएलचा (हवा गाळणाऱ्या युनिटचा) कप रोज रिकामा करावा लागतो. फाउंडेशन बोल्ट पहिल्या दोन महिन्यांत ढिले पडले. नायलॉनचा दोरा ताणून स्पिंडलशी रेघ बघितली तर फीडर दीड मिमी सरकलेला. त्यानंतर ग्राउटिंग केलं, म्हणजे बोल्टभोवती सिमेंट भरलं.

१२ मिमीच्या खालच्या बारसाठी हा घेऊ नका. तिथं पुशर रॉडही बारीक लागतो आणि तोच आधी लवतो. अशा कामाला तेलाच्या चॅनेलचा १२ फुटी फीडर हवा, आणि शेडमध्ये त्याच्या मागं तितकी मोकळी जागा.