डोमेनचा झोन कुठे ठेवावा: सीपॅनेलमध्ये, रजिस्ट्रारकडे की क्लाउडफ्लेअरवर?

डोमेन एका कंपनीकडून घेतलेले, होस्टिंग दुसरीकडे, ईमेल गूगल वर्कस्पेसवर किंवा झोहोवर. छोट्या व्यवसायांची मांडणी आज बऱ्याचदा अशीच असते. मग कोणी सांगते, 'एमएक्स रेकॉर्ड टाका' (मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायची ती नोंद), आणि घोळ सुरू होतो. रेकॉर्ड टाकण्याची जागा तीन ठिकाणी दिसते: होस्टिंगच्या सीपॅनेल या नियंत्रण पॅनेलमध्ये, डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारकडे आणि क्लाउडफ्लेअर या डीएनएस (डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था) व वेब-रहदारीच्या सेवेत. तिन्ही ठिकाणी सेव्हचे बटण दाबता येते, पण चालते एकाच ठिकाणचे. डोमेनचे नेमसर्व्हर (पत्ता सांगणारे सर्व्हर) ज्याच्याकडे वळवलेले आहेत, त्याचाच झोन, म्हणजे रेकॉर्डची यादी, बाहेरचे जग वाचते.

यात सीपॅनेल सर्वांत जास्त फसवते. नेमसर्व्हर दुसरीकडे असले तरी डोमेन जोडताच तिथे त्याचा स्थानिक झोन तयार होतो. झोन एडिटर उघडतो, रेकॉर्ड बदलता येतो, यशस्वी झाल्याची हिरवी पट्टीही येते, आणि बाहेर ढिम्म काही हलत नाही. माणूस दोन दिवस 'प्रोपगेशन' (बदल सगळीकडे पोचणे) व्हायची वाट पाहत बसतो. म्हणून काहीही बदलण्याआधी एनएसलुकअप या कमांडने किंवा रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन नेमसर्व्हर कोणाचे आहेत ते पाहा.

आणखी एक गल्लत इथेच मिटवलेली बरी. नेमसर्व्हर बदलणे म्हणजे डोमेन ट्रान्सफर करणे नव्हे. डोमेनचा सातबारा रजिस्ट्रारकडेच राहतो, फक्त 'पत्ता कोणाला विचारायचा' हे बदलते. नवीन डोमेनवर ट्रान्सफरसाठी ६० दिवसांची बंदी असते, ती नेमसर्व्हरला लागू नाही.

निवड ठरवणारा प्रश्न एकच आहे: तुमच्या मांडणीत सर्वांत आधी काय बदलेल? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर 'होस्टिंग' असते. नूतनीकरणाचा दर चढला की लोक होस्टिंग बदलतात, डोमेन आणि ईमेल मात्र वर्षानुवर्षे तेच राहतात. जे बदलणार त्याच्याच दावणीला झोन बांधला, तर दर स्थलांतराला ईमेलही हलते. म्हणून ईमेल होस्टिंगबाहेर असेल तर झोन सीपॅनेलमध्ये ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वेबसाइट आणि ईमेल दोन्ही एकाच सीपॅनेलवर असतील, तर मात्र तिथेच ठेवणे शहाणपणाचे.

सीपॅनेल: सगळे आपोआप, पण एकाच छताखाली

नेमसर्व्हर होस्टिंगकडे वळवलेले असतील तर डोमेन जोडण्याचे काम खरोखर मिनिटाचे आहे. 'डोमेन्स'मध्ये जाऊन नवीन डोमेन टाकायचे. तिथे 'शेअर डॉक्युमेंट रूट' अशी एक चौकट असते. ती टिकलेली राहिली तर नवे डोमेन मुख्य साइटचाच मजकूर दाखवते, म्हणजे ते एलियस झाले. वेगळी साइट हवी असेल तर टिक काढून स्वतंत्र फोल्डर द्यायचे. हे फोल्डर पब्लिक एचटीएमएल या मुख्य साइटच्या फोल्डरच्या आत ठेवू नका. आत ठेवले की मुख्य साइटच्या एचटीॲक्सेस फाइलमधले नियम दुसऱ्या साइटलाही लागतात आणि कारण न कळणारे रिडायरेक्ट सुरू होतात.

डोमेन जोडले की ए रेकॉर्ड (साइटच्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याची नोंद) आणि मेलचे रेकॉर्ड सीपॅनेल स्वतःच लिहिते. 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी'मध्ये एसपीएफ (या डोमेनची मेल कोण पाठवू शकते त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांत दोष दिसला तर 'रिपेअर' दाबले की दुरुस्ती होते. हेच बटण झोन बाहेर असताना निरुपयोगी ठरते. मग सीपॅनेल फक्त मजकूर दाखवते आणि तो तुम्हीच उचलून योग्य जागी चिकटवायचा असतो. होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर बदलला आणि आयपी पत्ता नवा झाला, तरी झोन त्यांच्याकडे असल्याने रेकॉर्ड तेच बदलतात. बाहेर ठेवला असेल तर 'नवा आयपी हा आहे' अशी मेल येते, आणि ती मेल कोणी वाचली नाही तर साइट बंद पडते.

आता दुसरी बाजू. अनेक स्वस्त योजनांमध्ये दोन्ही नेमसर्व्हर त्याच एका यंत्रावर असतात. यंत्र पडले की साइट तर जातेच, पण गूगलवरचे ईमेलही येईनासे होते, कारण एमएक्स कुठे आहे हे सांगणाराच गप्प झालेला असतो. पाठवणारे सर्व्हर साधारण काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात, त्यामुळे तास-दोन तासांत मेल हरवत नाही, उशिरा येते. खाते मुदत संपून काढून टाकले गेले, तर मात्र त्याच्याबरोबर झोनही जातो.

सीपॅनेलच्या नव्या रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवण्याची मुदत) सहसा १४,४०० सेकंद, म्हणजे ४ तास असतो. चुकीचा रेकॉर्ड पडला तर तो तितका वेळ लोकांच्या कॅशमध्ये बसतो. याच्या उलटही घडते: रेकॉर्ड टाकण्याआधीच 'झाला का' म्हणून शोधून पाहिला, तर 'असा रेकॉर्डच नाही' हे उत्तरही कॅश होते. आधी टाका, मग तपासा.

रजिस्ट्रारचे पॅनेल: साधे आणि पुरेसे

याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि तीच त्याची जमेची बाजू. पाच-सात रेकॉर्ड असलेल्या डोमेनला याहून जास्त काही लागत नाही. वेगळे खाते नाही, वेगळा पासवर्ड नाही, होस्टिंग बदलले तर फक्त ए रेकॉर्ड बदलायचा. ईमेलला धक्का लागत नाही.

अडचण येते ती रेकॉर्ड लिहिण्याच्या पद्धतीत. मूळ डोमेनसाठी काही पॅनेलांमध्ये नावाच्या रकान्यात ॲटचे चिन्ह द्यावे लागते, काहींमध्ये रकाना रिकामा ठेवावा लागतो. नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिले तर बरीच पॅनेल शेवटी डोमेन पुन्हा जोडतात आणि रेकॉर्ड 'मेल डॉट उदाहरण डॉट कॉम डॉट उदाहरण डॉट कॉम' या नावाने तयार होतो. डीकेआयएम चालत नाही अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी हेच बघावे. दुसरे कारण डीकेआयएमच्या किल्लीची लांबी. ती टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, रेकॉर्डमध्ये लिहितात; त्यातला एक तुकडा २५५ अक्षरांपर्यंतच असू शकतो, आणि २०४८ बिटांची किल्ली त्यात मावत नाही. चांगली पॅनेल तुकडे स्वतः करतात, काही पॅनेल मुकाट्याने शेपूट कापतात. सेव्ह केल्यावर रेकॉर्डचा शेवट मूळ मजकुराशी ताडून पाहा.

मूळ डोमेनवर सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) टाकता येत नाही, हा डीएनएसचा जुनाच नियम आहे. दुकानाची साइट एखाद्या ऑनलाइन स्टोअर सेवेवर आहे आणि ती सेवा सीनेमच मागते, अशा वेळी साधे रजिस्ट्रार पॅनेल तोकडे पडते. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'साठी सीनेम आणि मूळ डोमेनवरून रिडायरेक्ट, हा त्यावरचा जुना तोडगा.

क्लाउडफ्लेअर: दोन वेगळे निर्णय

लोक याला एकच गोष्ट समजतात, पण आत दोन आहेत. एक, झोन तिथे ठेवणे. दोन, साइटची रहदारी त्यांच्यामार्फत नेणे. प्रत्येक रेकॉर्डसमोरचा ढग राखाडी असेल तर फक्त डीएनएस, नारिंगी असेल तर रहदारीही. पहिला निर्णय जवळपास निर्धोक आहे. झोन मोफत योजनेत ठेवता येतो, 'ऑटो' टीटीएल ३०० सेकंदांचा असतो, मूळ डोमेनवरचा सीनेमही तिथे आयपी पत्त्यात बदलून चालतो. मोफत योजनेसाठी नेमसर्व्हर मात्र पूर्णपणे त्यांच्याकडे वळवावे लागतात.

नारिंगी ढगाचे तसे नाही. त्यातून वेब जाते. एफटीपी (फाइल चढवणे-उतरवणे), एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन) आणि मेल जात नाही. २०८३ क्रमांकाच्या पोर्टवरचे सीपॅनेल मात्र चालते, त्यामुळे 'एफटीपीच का बंद पडले' हे कोडे उलगडत नाही. मेल आणि एफटीपी या नावांचे रेकॉर्ड राखाडीच ठेवावे लागतात. मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. वर्डप्रेसचा मोठा बॅकअप परत चढवताना हे हमखास आडवे येते.

सर्वांत जास्त साइट अडकतात त्या एसएसएलच्या (सुरक्षित जोडणीच्या) निवडीत. 'फ्लेक्सिबल' निवडले की क्लाउडफ्लेअर तुमच्या सर्व्हरशी विनासुरक्षा एचटीटीपीने बोलतो. सर्व्हरवर 'सगळे एचटीटीपीएसवर वळवा' असा नियम असेल तर तो त्याला परत पाठवतो, क्लाउडफ्लेअर पुन्हा एचटीटीपीनेच येतो, आणि ब्राउझर 'फार रिडायरेक्ट झाले' म्हणून हात टेकतो. योग्य निवड 'फुल स्ट्रिक्ट'. मग सर्व्हरवरचे प्रमाणपत्र चालू असलेच पाहिजे, नाहीतर ५२६ क्रमांकाचा दोष दिसतो. सीपॅनेलचे ऑटोएसएसएल ९० दिवसांची प्रमाणपत्रे एचटीटीपी तपासणीने घेत राहते. झोन बाहेर असला तरी ते चालते, फक्त सर्व सबडोमेनसाठीचे एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र त्या मार्गाने मिळत नाही. क्लाउडफ्लेअरचे स्वतःचे ओरिजिन (मूळ सर्व्हरसाठीचे) प्रमाणपत्र १५ वर्षांपर्यंतचे मिळते आणि ते सीपॅनेलच्या एसएसएल विभागात चिकटवता येते. पण त्यावर विश्वास फक्त क्लाउडफ्लेअरचा. ढग राखाडी केलात की त्याच क्षणी ग्राहकांना ब्राउझरची लाल सूचना दिसते.

आणि त्यांचे मोफत प्रमाणपत्र सबडोमेनच्या एकाच पातळीपर्यंत चालते. 'शॉप' चालेल, 'शॉपच्या आत पुणे' अशी दोन पातळ्यांची रचना चालणार नाही.

तिन्हीकडे सारखेच चुकते ते ईमेल

झोन कुठेही ठेवा, एसपीएफचा रेकॉर्ड एकच हवा. होस्टिंगचा एक, गूगलचा दुसरा असे दोन टाकले की दोन्ही बाद. एकाच ओळीत एकत्र करायचे, आणि त्या ओळीतून होणारे डीएनएस शोध १०च्या आत ठेवायचे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागते, आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडे दोन्ही आणि वर डीमार्क (तपासणीत नापास मेलचे काय करायचे ते सांगणारा रेकॉर्ड), त्यामुळे 'आत्तापर्यंत चालत होते की' हा युक्तिवाद आता चालत नाही.

दुसरी चूक साइट असलेल्या सीपॅनेलमध्ये घडते आणि ती सापडायला वेळ लागतो. एमएक्स गूगलकडे, साइट सीपॅनेलवर. बाहेरच्या सगळ्यांच्या मेल येतात, पण साइटवरच्या चौकशी फॉर्मच्या मेल येत नाहीत. कारण 'ईमेल राउटिंग' लोकलवर राहिलेले असते. सर्व्हर म्हणतो, हे डोमेन तर माझेच आहे, आणि मेल बाहेर न पाठवता आपल्याच पोटात ठेवतो. तिथे 'रिमोट मेल एक्स्चेंजर' निवडले की फॉर्मच्या मेल बाहेर जाऊ लागतात. आधी अडकलेल्या मेल सहसा त्याच खात्याच्या वेबमेलमध्ये सापडतात, त्यामुळे दोन-चार महिन्यांच्या चौकश्या एकदम हाती लागू शकतात. ग्राहक एव्हाना दुसरीकडे गेलेले असतात, ते वेगळे.

झोन हलवायचा ठरला तर

क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी रजिस्ट्रारकडे डीएनएसएसईसी (झोनवरची डिजिटल सही) चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर डीएस रेकॉर्ड (रजिस्ट्रारकडची त्या सहीची नोंद) काढा आणि डॉट कॉमसाठी किमान पूर्ण एक दिवस थांबा. हे न करता नेमसर्व्हर बदलले तर जुनी सही आणि नवा झोन जुळत नाहीत, आणि सही तपासणाऱ्या सेवांसाठी डोमेन नाहीसे होते. काहींना साइट दिसते, काहींना नाही, असा विचित्र प्रकार दिसला तर संशयित हाच.

मग जुन्या झोनची पूर्ण प्रत काढा. क्लाउडफ्लेअर डोमेन जोडताना जुने रेकॉर्ड स्वतः शोधते, पण ते प्रचलित नावे चाचपून बघते. वेगळ्या नावाचा डीकेआयएम किंवा एखादे आडवळणाचे सबडोमेन निसटू शकते. यादी हाताने ताडा. नवा झोन पूर्ण भरल्यावरच नेमसर्व्हर बदला. डॉट कॉममध्ये नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास असतो. तेवढा काळ काही लोक जुन्या झोनलाच विचारणार. तोवर जुना झोन जिवंत आणि नव्यासारखाच ठेवायचा. याच काळात जुने होस्टिंग बंद करण्याची घाई नडते.

सीपॅनेलमध्ये नवे डोमेन जोडताना 'या डोमेनची डीएनएस नोंद आधीच आहे' असा दोष आला, तर त्याच सर्व्हरवर जुन्या खात्याचा झोन शिल्लक आहे असे समजावे. तो तुम्हाला पुसता येत नाही, होस्टिंगच्या मदत विभागालाच सांगावे लागते. डोमेन त्यांच्या सर्व्हरकडे वळलेले नाही म्हणून नकार आला, तर त्यांनी बाहेरच्या डोमेनना मुभा दिलेली नाही. आधी ए रेकॉर्ड वळवून पुन्हा प्रयत्न करा, तरीही नाही झाले तर पुन्हा मदत विभागच.

देवनागरीतले डॉट भारत डोमेन असेल तर रेकॉर्डमध्ये आणि पॅनेलमध्ये त्याचे प्युनीकोड रूप (इंग्रजी अक्षरांतले) द्यावे, म्हणजे 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे. रजिस्ट्रारच्या खात्यात ते दाखवलेले असते. तिथून नक्कल करून आणा, हाताने टंकू नका.