लॅपटॉपची स्क्रीन घरी बदलली, आठ महिने वापरली

मागच्या मे महिन्यात मी लॅपटॉपची स्क्रीन घरीच, जेवणाच्या टेबलावर बदलली. आता जानेवारी आहे, सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू झाली, म्हणजे आठ महिने होत आले. बदलली त्याच संध्याकाळी लिहायला बसले असते, तर स्क्रीन लागली याच्यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. रोजचे आठ-नऊ तास तिच्यासमोर काढल्यावर बऱ्याच गोष्टी कळल्या, म्हणून आत्ता लिहिते आहे.

आधी माझं काम सांगते, कारण कोणतं पॅनेल घ्यायचं ते त्यावरूनच ठरलं. मी जेकार्डच्या चादरींची आणि टॉवेलांची डिझाइनं करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तीन कारखान्यांना माझ्याकडून फाइल जाते आणि ती तिथल्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डला, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राला चढते. ग्राफवर आडवा एक चौकोन म्हणजे एक हुक (ताण्याचे उभे धागे उचलणारा), उभा एक चौकोन म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. दिवसभर चौकोन आणि रंग, एवढंच डोळ्यांसमोर असतं.

लॅपटॉप सहा वर्षांचा, १५.६ इंची. एप्रिलमध्ये एका सकाळी झाकण उघडताना डाव्या खालच्या कोपऱ्यात टक् आवाज आला आणि तिथून शाई सांडावी तसा काळा डाग वर चढत गेला. पडला नव्हता, आपटला नव्हता, कशाखाली दबला नव्हता. रोज उघडते तसाच उघडला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच महत्त्वाची ठरली.

नवी पेठेत दोन दुकानांत विचारलं. एकाने साडेसहा हजार सांगितले, दुसऱ्याने सहा हजार, आणि दोघेही होती तशीच १३६६ × ७६८ पिक्सेलांची, म्हणजे साधी एचडी स्क्रीन लावून देणार होते. फुल एचडी (१९२० × १०८०) लावता का विचारल्यावर दुसरा म्हणाला, "ताई, जी हाय तीच बसती ओ. मोठी टाकली तर चालू होत नाही." त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. राहिलेलं अर्धं मला लॅपटॉप उघडल्यावर सापडलं.

पॅनेल मागवण्याआधी जुनं बाहेर काढून त्याच्या पाठीवरचं लेबल वाचा. लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवरून पॅनेल मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेलं लावते. लेबलवर एन १५६ ने नंबर सुरू झाला तर ते इनोलक्सचं, बी १५६ असेल तर एयूओचं, एनटी किंवा एनव्ही असेल तर बीओईचं, एलपी असेल तर एलजीचं. पण पॅनेल कोणाचं यापेक्षा तीन गोष्टी जुळतात का ते बघायचं. कनेक्टर ३० पिनांचा की ४० चा, तो पाठीवर कोणत्या बाजूला आहे, आणि पॅनेलला वर-खाली पत्र्याचे कान आहेत की नाहीत. कान असलेलं १५.६ इंची पॅनेल साधारण ३६० मिलिमीटर रुंद भरतं, बिनकानाचं ३५०. माझ्या झाकणात पॅनेल कानांतून चार स्क्रूंवर बसवलेलं होतं, म्हणून कानवालंच हवं होतं. हल्लीच्या बारीक कडेच्या लॅपटॉपात बहुतेक बिनकानाचं असतं, ते ताणून काढायच्या चिकटपट्टीवर बसलेलं असतं. पट्टी अर्ध्यात तुटली तर काम अवघड होतं.

आता दुकानदाराच्या त्या अर्ध्या बरोबर बोलण्याबद्दल. एचडी आणि फुल एचडी, दोन्ही पॅनेलांचा कनेक्टर ३० पिनांचाच होता. पण पिना तेवढ्याच म्हणून केबलच्या आत तारा तेवढ्याच असतात असं नाही. १३६६ × ७६८ चं चित्र एका लेनमधून, म्हणजे तारांच्या एका जोडीतून जातं, १९२० × १०८० ला दोन लेन लागतात, आणि स्वस्त मॉडेलच्या केबलमध्ये बऱ्याचदा एकच लेन ओढलेली असते. अशा केबलवर फुल एचडी पॅनेल लावलं तर चित्र नीट येतच नाही. माझ्या लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्ही स्क्रीनच्या केबलचे पार्ट नंबर वेगळे दिले होते. ते बघून मी केबलही मागवली.

खर्च लिहिते. फुल एचडी आयपीएस पॅनेल ४,८०० रुपये, केबल ८५०, स्क्रूड्रायव्हर आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचा संच ३५०. बरोबर सहा हजार. म्हणजे पैसे वाचले नाहीत. दुकानात ज्या पैशात होती तशीच मिळाली असती, त्याच पैशात जवळजवळ दुप्पट पिक्सेल मिळाले. साधी एचडीच हवी असेल आणि वेळ नसेल, तर दुकानात द्यायला माझी काहीच हरकत नाही.

सामान यायला पाच दिवस लागले. तोवर लॅपटॉप टीव्हीला जोडून काम चालवलं.

केबल बदलायची म्हणजे नुसती पुढची काळी चौकट काढून भागत नाही. केबल बिजागरीतून खाली मदरबोर्डापर्यंत जाते, म्हणून खालचं झाकणही उघडावं लागलं. भाचा टॉर्च धरायला बसला होता. टेबलावर आधी टॉवेल पसरला होता, तो लगेच काढला, कारण त्याच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत बारीक स्क्रू गेला की सापडत नाही. मग सुती चादर घातली, सपाट विणीची. एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढली आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवला. खालच्या झाकणाचे स्क्रू लांब-आखूड असतात. आखूडाच्या जागी लांब गेला तर तो वरचं प्लास्टिक फोडून बाहेर येतो. "मावशी, हा सातवा," असं म्हणत भाच्याने प्रत्येकाला नंबर दिला, त्याचा परत बसवताना फार उपयोग झाला.

खालचं झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला आणि पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरलं. हे कधीच टाळू नका. स्क्रीनच्या केबलमधून मागच्या दिव्यांचा पुरवठाही जातो, त्याचा व्होल्टेज चित्राच्या तारांपेक्षा कितीतरी जास्त असतो. बॅटरी जोडलेली असताना कनेक्टर जरा वाकडा बसला तर बोर्डावरचा फ्यूज उडतो नाहीतर नवं पॅनेल जळतं. मे महिन्यातली आपली हवा कोरडी, त्यामुळे अंगावर स्थिर वीजही साठते. मी दर थोड्या वेळाने नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावून येत होते.

चौकट मात्र उन्हाळ्यामुळे सहज निघाली. तिच्या कडेची चिकटपट्टी सैल करायला लोक हेअर ड्रायर मारतात. आमच्याकडे दुपारी तीन वाजता पारा त्रेचाळीसवर होता, पट्टी आधीच मऊ झालेली. प्लास्टिकची पट्टी आतल्या कडेत घालून फिरवली की एकेक खटका सुटत गेला. बिजागरीजवळचे खटके सगळ्यात नाजूक, तिथे वेळ घ्या. पॅनेलचे चार स्क्रू काढून ते कीबोर्डवर पालथं घातलं, कनेक्टरवरची पारदर्शक पट्टी सोलली आणि केबल पॅनेलला समांतर सरकवून काढली. वर उचलून ओढली तर कनेक्टर उपटून येतो.

पॅनेल बाजूला झाल्यावर बिजागऱ्या उघड्या दिसल्या. दुकानात यांना हिंज म्हणतात. उजवी मी दोन बोटांनी हलवली, हलली. डावी हलवायला पूर्ण मुठीचा जोर लागला. जुन्या काचेवरची चीर बघितली तर ती बरोबर डाव्या बिजागरीच्या टोकापाशी सुरू झाली होती. मग सगळं उलगडलं. मी झाकण नेहमी उजव्या कोपऱ्याला धरून एका हाताने उघडत होते. उजवी बाजू यायची, डावी अडायची, झाकण पिळवटायचं आणि तो पीळ दोन पातळ काचांच्या पॅनेलवर जायचा. कित्येक महिने तो कोपरा रोज वाकत होता, एप्रिलमध्ये फुटला.

डावी बिजागरी का आवळली, तेही तिथेच दिसलं. जुनं वंगण आणि कापसाचं तूस मिळून राखाडी नमदा झाला होता. कारखान्यात फाइल चढवायला मी लॅपटॉप मागांच्या शेडमध्ये नेते, तिथे हवेत तूस तरंगत असतं, ते वर्षानुवर्षं आत गेलं. सुईने आणि कोरड्या ब्रशने ते काढलं, थेंबभर सिलिकॉन ग्रीस लावलं आणि बिजागरीच्या टोकाचा नट आठवा हिस्सा फेरा सैल केला. त्याहून जास्त सैल केला तर झाकण उभं राहत नाही. हे न करता नुसती स्क्रीन बदलली असती, तर नवी काचही त्याच कोपऱ्यात फुटली असती, आणि मी म्हटलं असतं की माल हलका निघाला. तुमची स्क्रीन न पडता, न आपटता फुटली असेल तर पॅनेलवर एक रुपया घालण्याआधी दोन्ही बिजागऱ्या वेगवेगळ्या हलवून बघा. दुकानात देणार असाल तरी त्यांना हे बघायला सांगा.

नवं पॅनेल झाकणात स्क्रूंनी बसवण्याआधी नुसतं जोडून, मागे पुस्तकांचा आधार देऊन चालू केलं. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे सबंध स्क्रीनभर रंग लावून मेलेला पिक्सेल आहे का ते पाहिलं. नव्हता. मग पुन्हा बॅटरी सोडवली आणि सगळं बंद केलं. एकूण अडीच तास लागले, त्यातला पाऊण तास बिजागरीचा.

आता आठ महिन्यांचं.

सगळ्यात मोठा फरक कामात पडला. एका कारखान्याचं जेकार्ड १३४४ हुकांचं आहे. एका हुकाला एक पिक्सेल धरला तर जुन्या स्क्रीनवर १३६६ मधले २२ पिक्सेल उरायचे, आणि सॉफ्टवेअरची बाजूची पट्टीच त्याहून रुंद आहे. सहा वर्षं मी पूर्ण रुंदीचं डिझाइन कधी एकसंध पाहिलं नव्हतं, सरकवून सरकवून डोक्यात जोडत होते. आता पट्टी धरून सगळं एका नजरेत मावतं. किनारीचा मोर आणि मधला वेल एकमेकांना भिडतात की नाही, ते माग सुरू होण्याआधी दिसतं. दिवाळीच्या ऑर्डरीत एकही डिझाइन जोडावरच्या चुकीने परत आलं नाही.

रंगांचं दुसरं. जुनं पॅनेल टीएन जातीचं होतं. त्यात एकच पिवळा वरच्या कडेला गडद आणि खाली फिका दिसायचा, मान हलवली की पुन्हा बदलायचा. आयपीएसवर तो कुठूनही तोच दिसतो. मालक शेजारी बसून बघतात तेव्हा त्यांना आणि मला एकच रंग दिसतो, त्यामुळे "अक्का, तुमच्यात वेगळा दिसला होता" हे ऐकावं लागत नाही. पण या किमतीच्या पॅनेलला सगळे रंग दाखवता येत नाहीत. विक्रेत्याच्या पानावर ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दाखवता येतात त्याचं माप) लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गडद लाल फिके पडणार. मरून आणि विटकरी यांच्यात मला स्क्रीनवर आजही नीट फरक दिसत नाही. सुताचं शेड कार्ड अजून हाताशी ठेवावं लागतं. फोटो किंवा छपाईचं काम करणाऱ्यांनी जास्त पैसे घालून १०० टक्के एसआरजीबीचं (हेही रंगांचंच माप) पॅनेल घ्यावं.

जुलैत एक अडचण आली. झाकण ठरावीक कोनात आलं की चित्र थरथरायचं. पॅनेल खराब निघालं असं वाटून मन खट्टू झालं होतं. उघडून बघितलं तर केबल बिजागरीजवळच्या खोबणीत पूर्ण बसलेली नव्हती, झाकण हललं की ताणली जायची. खोबणीत दाबून, जराशी ढील ठेवून पुन्हा बसवली. त्यानंतर चित्र एकदाही थरथरलं नाही.

बाकी किरकोळ. अक्षरं बारीक वाटली म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग १२५ टक्के केलं, डिझाइनच्या सॉफ्टवेअरला ते लागू होऊ दिलं नाही. बॅटरी पंधरा-वीस मिनिटं कमी टिकते. अंधारात पूर्ण काळ्या स्क्रीनवर उजव्या खालच्या कोपऱ्यात उजेड झिरपतो, दिवसा जाणवत नाही. चौकटीची नवी चिकटपट्टी जून संपेपर्यंत एका कोपऱ्यात सुटली होती, ती चांगल्या प्रतीची आणून पुन्हा लावली.

लॅपटॉप आता शेडमध्ये बंद पिशवीतूनच नेते आणि तिथे शक्यतो उघडत नाही, फाइल पेनड्राइव्हवर देते. झाकण दोन्ही हातांनी किंवा मधोमध धरून उघडते. डावी बिजागरी अजून हलकी आहे. मे महिन्यात चांगली होती म्हणून उजवीला हात लावला नव्हता, ती गेल्या पंधरवड्यापासून जरा जड लागते आहे. येत्या रविवारी चौकट काढून तिच्यातलं तूस काढणार आहे, टॉर्च धरायला भाच्याला सांगून ठेवलंय.