एक्सएमएल ट्रान्सफर प्लगइन, काही महिने वापरून: सगळं ठीक, पण ते २३.९७६ फ्रेम रेटचं फुटेज!

रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन एक्सएमएल (कटची माहिती असलेली मजकूर फाइल) करून आफ्टर इफेक्ट्स या इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची आणि तिथे रेंडर झालेली कॉम्प (तिथली टाइमलाइन) परत जागेवर बसवायची, यासाठी हे प्लगइन घेतलं. नाव लिहीत नाही, सपोर्टशी भांडण अजून मिटलेलं नाही. मी एडिट रिझॉल्व्हवर करतो, तेही फ्री व्हर्जनवर, त्यामुळे प्रीमियरवाल्यांसारखी डायनॅमिक लिंक (आफ्टर इफेक्ट्सशी थेट जोडणी) नाही आणि तेवढ्यासाठी प्रीमियरची अजून एक वर्गणी भरायची माझी तयारी नाही. आफ्टर इफेक्ट्सचं स्वतःचं प्रो इम्पोर्ट (एक्सएमएल उघडायची सोय) आहे म्हणा, पण ते फक्त जायच्या वाटेला, परत येताना सगळं हाताने.

सुरवातीचे प्रोजेक्ट मस्त गेले. कट जागेवर, ओपॅसिटीचे कीफ्रेमसुद्धा (पारदर्शकता कुठे किती बदलते त्या खुणा) आले. दोघातिघांना घ्या म्हणून सांगितलंही.

मग सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं फुटेज आलं. मुलाखत होती, एकच लांबलचक क्लिप आणि त्यातले ठिकठिकाणचे तुकडे. सुरवातीचे तुकडे बरोबर, पण जसजसं पुढचं बोलणं घेतलंय तसतसे कट सरकलेले, शेवटी शेवटी तर आधीच्या वाक्याचं तोंड मिटताना दिसतंय आणि मग नवीन वाक्य सुरू. एक्सएमएल नोटपॅडमध्ये उघडली. त्यात फ्रेम रेट दोन ओळीत असतो, टाइमबेस २४ आणि सोबत एनटीएससी ट्रू, म्हणजे खरा रेट २४०००/१००१, तेच ते २३.९७६. हे पठ्ठं २४ वाचतं आणि दुसऱ्या ओळीकडे ढुंकूनही बघत नाही! क्लिपमध्ये दहा मिनिटं आत गेलात की १४ फ्रेमचा घोळ.

सपोर्टला स्क्रीनशॉटसकट कळवलं. उत्तर काय, तर अनइन्स्टॉल करून परत टाका. टाकलं. मग कॅशे साफ करा. केली. मग म्हणे फुटेज व्हेरिएबल फ्रेम रेटचं (मधेमधे रेट बदलणारं) असेल. अहो, मोबाइलवरचं नाहीये ते, आणि कुठली ओळ चुकतेय ते मीच शोधून दिलंय ना तुम्हाला?

तोवर जुगाड असा: आफ्टर इफेक्ट्सच्या इंटरप्रिट फुटेज सेटिंगमध्ये सगळ्या क्लिपला २४ द्यायचे, २४ च्याच कॉम्पमध्ये काम करायचं, रेंडर इमेज सीक्वेन्समध्ये (प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल) काढायचा आणि रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समधून तो २३.९७६ करायचा. फ्रेमला फ्रेम जुळते. ऑडिओ एडिटमध्येच ठेवायचा, तो इकडे आणूच नका. चालतं, पण प्रत्येक वेळी हे करायचं तर प्लगइनला पैसे कशाला मोजले?

इथवर लिहून ठेवलं होतं आणि मधेच नवीन व्हर्जन आलं. तीच मुलाखत परत पाठवली, शेवटचा कट अगदी जागेवर! चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) काय लिहिलंय, तर ‘किरकोळ सुधारणा’. वर स्पीड रॅम्प (क्लिपचा वेग हळूहळू बदलणं) आता आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइम रिमॅपचे, म्हणजे वेग बदलणारे, कीफ्रेम होऊन येतात, हे मी मागितलंही नव्हतं आणि यातच सगळ्यात जास्त वेळ वाचतोय. म्हणून दोनाचे साडेतीन स्टार करतो. चार नाही, कारण हे व्हर्जन फक्त वर्गणी चालू असलेल्यांना. ज्यांची संपलीये त्यांनी चूक यांची असून दुरुस्तीसाठी परत पैसे भरायचे, हे मला पटत नाही.

घेणार असाल तर ट्रायलमध्येच २३.९७६ किंवा २९.९७ ची लांब क्लिप घ्या आणि अगदी शेवटाकडचा तुकडा कापून पाठवा. सुरवातीचा पाठवलात तर काहीच कळणार नाही. आणि टायटल्स अजूनही येत नाहीत, ती आफ्टर इफेक्ट्समध्येच नव्याने टाइप करा.