कारखान्यातली सहा-सीटर बॅटरी कार्ट: घ्यावी, पण मागची उलटी सीट काढून

गोल्फ कार्टचीच चेसिस, 48 व्होल्टची बॅटरी, मागे उलट्या तोंडाची सीट किंवा मालाचा ट्रे. धूर नाही, आवाज नाही, अरुंद जागेतही वळते. कामाला चोख आहे. घोळ होतो तो ‘ही कसली गाडी, खेळणंच’ या समजुतीमुळे.

आधी ब्रेक बघा. बऱ्याच मॉडेल्सना तो फक्त मागच्या चाकांना, तोही केबलवरचा ड्रम. रॅम्पवरून उतरताना भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी पडतात आणि फरशी ओली असली की लॉक होऊन घसरतात. चारही चाकांना ब्रेक असलेलं मॉडेल महाग पडतं. तरी तेच घ्या.

पार्किंग ब्रेकची गंमत विक्रेते सहसा सांगत नाहीत. अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर दाबला की तो आपोआप सुटतो. चावी चालू आहे, गिअर पुढचा आहे, कुणी बाहेरूनच वाकून टूलबॉक्स आत ठेवला आणि तो पेडलवर घसरला, की गाडी निघालीच. समोर कुणी उभा असेल तर त्याचे गुडघे बंपर आणि रॅकच्या मध्ये. म्हणून उतरताना न्यूट्रल, ब्रेक आणि चावी खिशात. ड्रायव्हर उठताच करंट तोडणारा सीट-स्विच मिळत असेल तर आवर्जून लावून घ्या.

बाजू उघड्या असल्याने माणसं पाय बाहेर सोडून बसतात आणि घोटा खांबावर आपटतो किंवा मागच्या चाकाखाली जातो. झटक्यात उजवीकडे वळलं की डावीकडचा माणूस बाहेर. सीटलगतचा कडीसारखा दांडा इतका बुटका असतो की धड अडवत नाही. उलट्या सीटवरचा तर गाडी झटक्यात निघाली तरी पडतो, आणि पडतो तो डोक्यावर. तिथे ट्रेच बरा. छताच्या पातळ पाइपांवर विसंबू नका. गाडी उलटली तर ते माणसाला वाचवत नाहीत.

शेडमधला वेग कंट्रोलरमध्येच ताशी 8-10 किमीवर बांधून घ्या, पासवर्ड मेंटेनन्सकडे ठेवा. आवाज नसल्यामुळे पाठमोऱ्या माणसाला ती येताना कळत नाही. नुसता रिव्हर्स बझर पुरत नाही, पुढे जातानाही दिसेल असा फिरता दिवा हवा.

लेड-ॲसिड बॅटरी असेल तर चार्जिंग हवेशीर जागी, आणि डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं.